रक्त थांबत नसेल, तर आधी तपासणी

कुत्र्याच्या नाकातून अचानक रक्त येऊ लागते. पोटावर लालजांभळे ठिपके उठतात. नसबंदीच्या टाक्यांतून दुसऱ्या दिवशीही रक्त पाझरत राहते. अशा वेळी घरातले सगळे हबकतात आणि सुचेल ते करू लागतात. कोणी पपईच्या पानांचा रस काढतो, कोणी औषधाच्या दुकानात व्हिटॅमिन ‘के’ मागतो, कोणी ‘रक्त थांबवायचे इंजेक्शन देऊन टाका’ असा डॉक्टरांकडे आग्रह धरतो.

पण रक्त न थांबण्याची कारणे अनेक आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. घोणस चावलेल्या कुत्र्याला कितीही व्हिटॅमिन के दिले तरी त्याचे रक्त गोठणार नाही. उंदराचे औषध खाल्लेल्या कुत्र्याला प्रतिसर्पविषाचा काही उपयोग नाही. गोचीडतापात या दोन्हींचा उपयोग नाही. पुणे आणि परिसरात ही तिन्ही कारणे भेटतात. म्हणून औषधाची घाई करण्याआधी कारण सांगणारी तपासणी व्हायला हवी. त्यातल्या बऱ्याच तपासण्या साध्या आहेत आणि काही तर दवाखान्यातच अर्ध्या तासात होतात.

रक्त थांबते कसे?

रक्तवाहिनीला चीर पडली की शरीर दोन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात रक्तवाहिनी आकसते आणि प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी चिरेवर येऊन चिकटतात. त्यांना तिथे धरून ठेवायला ‘व्हॉन विलेब्रँड’ नावाचे प्रथिन लागते. काही मिनिटांत तात्पुरते बूच तयार होते.

हे बूच कच्चे असते. दुसऱ्या टप्प्यात रक्तातली गोठण-प्रथिने एकामागून एक जागी होतात. डॉक्टर त्यांना ‘फॅक्टर’ म्हणतात आणि रोमन आकड्यांनी ओळखतात. शेवटी फायब्रिनचे धागे तयार होऊन बूच पक्के होते. एक प्रथिन दुसऱ्याला आणि दुसरे तिसऱ्याला जागे करते, अशी साखळीची मांडणी ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकफार्लेन यांनी १९६४ मध्ये केली. यातली बहुतेक प्रथिने यकृतात बनतात, म्हणून यकृताच्या मोठ्या आजारातही रक्तस्राव होतो.

रक्त कुठून येते आहे, ते आधी बघा

तपासणीची सुरुवात घरातच होते. दोष कोणत्या टप्प्यात आहे, याचा अंदाज रक्त कुठून आणि कसे येते यावरून बांधता येतो.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्लेटलेटमध्ये गडबड असेल तर रक्तस्राव बारीक आणि वरवरचा असतो. हिरड्यांवर, कानाच्या आतल्या बाजूला, पोटावर आणि जांघेत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. नाकातून, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. शौचास डांबरासारखी काळी होते.

दुसऱ्या टप्प्यात दोष असेल तर असे ठिपके सहसा दिसत नाहीत. इंजेक्शनच्या जागी मोठी गाठ येते, सांधा सुजून कुत्रे लंगडू लागते किंवा छातीत-पोटात आतल्या आत रक्त साठते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. प्राणी नुसता मलूल होतो, धापा टाकतो आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. ही अवस्था नाकातून वाहणाऱ्या रक्तापेक्षा अधिक धोक्याची असू शकते, कारण ती उशिरा लक्षात येते.

निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरड्या आणि पोटाची कातडी बघायची सवय लावली, तर बदल वेळेत कळतो. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा.

गोचीडताप: प्लेटलेट मोजा, पण काचपट्टीही बघा

पुण्याच्या हवेत गोचीड वर्षभर तग धरते. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड तर घरातच बिऱ्हाड करते: भिंतीच्या भेगा, फरशीचे कोपरे, कुत्र्याच्या गादीच्या शिवणी. एक मादी हजारो अंडी घालते. याच गोचिडीतून एर्लिकिया हा जिवाणू कुत्र्याच्या रक्तात जातो. चावा बसल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, खाणे सुटते आणि प्लेटलेट घसरतात. हा आजार अंगात मुरला तर पुढे महिन्यांनीही नाकातून रक्त येऊ शकते. गोचिडीमुळेच होणाऱ्या बबेसियातही प्लेटलेट कमी होतात.

निरोगी कुत्र्यात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. आकडा एक लाखावर आला म्हणून लगेच रक्त वाहू लागत नाही. आपोआप रक्तस्राव होण्याची भीती साधारणपणे तीस ते पन्नास हजारांच्या खाली गेल्यावर असते. त्यामुळे अहवालातला एकच आकडा पाहून घाबरून जाऊ नये आणि गाफीलही राहू नये.

शिवाय यंत्राचा आकडा दर वेळी खरा असेलच असे नाही. रक्त काढताना शीर नीट सापडली नाही, सुई दोनतीनदा फिरवावी लागली, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. यंत्राला ते प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाहीत आणि आकडा फारच कमी येतो. मांजरांत हे इतक्या वेळा होते की मांजराच्या प्लेटलेटचा नुसता यंत्रावरचा आकडा विश्वासाचा मानू नये. कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल जातीच्या अनेक कुत्र्यांत प्लेटलेट जन्मतःच कमी पण आकाराने मोठ्या असतात. ग्रेहाउंडमध्येही त्या इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात.

म्हणून काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणे ही आजही फार मोलाची तपासणी आहे. तेलाच्या भिंगातून दिसणाऱ्या एका क्षेत्रातली प्रत्येक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने पंधरा हजार, असा हिशेब असतो. अनेक क्षेत्रे बघून सरासरी दहा-बाराच्या वर आली तर काळजी नाही. दोनच आल्या तर आकडा तीस हजारांच्या आसपास. पुंजके झाले असतील तर तेही पट्टीच्या कडेला दिसतात, आणि बबेसियाचे जंतू कधी कधी तिथेच सापडतात. अहवाल हातात आला की विचारा, ‘काचपट्टी बघितली का?’

झटपट किटबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोचीडतापाची बहुतेक किट रक्तातली प्रतिपिंडे शोधतात. किट पॉझिटिव्ह आले म्हणजे कुत्र्याचा त्या जंतूशी कधीतरी संबंध आला, एवढेच ठरते. आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत ते निगेटिव्हही येऊ शकते. शंका असेल तर थेट जंतूचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी करतात. एर्लिकियावर मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन आहे आणि ते सहसा २८ दिवस द्यावे लागते. चार दिवसांत कुत्रे खाऊ-खेळू लागले म्हणून ते थांबवू नका. पपईच्या पानांच्या रसाने एर्लिकिया मरत नाही. त्याच्या भरवशावर घालवलेले दिवस कुत्र्याच्या जिवावर बेततात.

उंदराचे औषध: आज खाल्ले, रक्त चार दिवसांनी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुकानांच्या मागे, गोदामांत उंदरांसाठी ज्या वड्या ठेवतात, त्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोन असते. त्याचे प्रमाण फक्त ०.००५ टक्के, पण ते शरीरात कित्येक आठवडे टिकते.

या औषधांचा इतिहास जनावरांच्या गोठ्यातूनच सुरू होतो. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हरचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापल्यावर किंवा खच्चीकरण केल्यावर रक्त थांबेना. ओंटारिओचे पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी दोष या बुरशीच्या चाऱ्यात असल्याचे दाखवले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. आज हृदयाची झडप बदललेल्या माणसाला जी गोळी मिळते, तिची मुळे आजारी गुरांच्या निदानात आहेत.

दोन, सात, नऊ आणि दहा या क्रमांकाची फॅक्टर व्हिटॅमिन केशिवाय काम करत नाहीत, आणि हे विष व्हिटॅमिन केचा शरीरातला पुनर्वापर बंद पाडते. पण आधी तयार असलेली फॅक्टर काही काळ पुरतात. त्यामुळे वडी खाल्ल्यावर दोनतीन दिवस कुत्रे अगदी ठणठणीत दिसते. रक्तस्राव साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो आणि तोवर घरच्यांना वडीचा विसर पडलेला असतो.

यात सात क्रमांकाचे फॅक्टर सगळ्यांत आधी संपते. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी ‘पीटी’ ही तपासणी नेमकी त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे ती लक्षणांच्या आधीच, खाल्ल्यापासून ३६ ते ७२ तासांत बिघडलेली दिसते. कुत्र्याने वडी खाल्ल्याचे तुम्ही पाहिले असेल तर:

• लगेच दवाखाना गाठा. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून बरेच विष बाहेर काढू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजू नका.

• वेष्टन सोबत न्या किंवा त्याचा फोटो काढा. झिंक फॉस्फाइड हे उंदराचे दुसरे विष आहे. ते पोटात विषारी वायू तयार करते आणि त्यावर व्हिटॅमिन के चालत नाही. विष कोणते, हे वेष्टनावरूनच कळते.

• औषध म्हणून व्हिटॅमिन के-१ लागते. के-३ ने हे काम होत नाही, म्हणून दुकानदाराने दिलेली गोळी डॉक्टरांना दाखवा. पोटातून देताना ती स्निग्ध खाण्यासोबत दिली की अधिक चांगली शोषली जाते.

• ब्रोमॅडिओलोनसाठी उपचार तीनचार आठवडे चालतो. शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी पीटी पुन्हा तपासायलाच हवी. ती ठीक आली तरच उपचार संपला.

घोणस: वीस मिनिटांची परीक्षा

सिंहगडाचा पायथा, मुळशी, भोर, पौड किंवा शहरालगतच्या टेकड्यांवरचे गवत, या भागांत घोणस आढळते. कुत्रे हुंगायला जाते, म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. जागा झपाट्याने सुजते, दंशातून रक्त झिरपत राहते, पुढे लघवी लाल होते. घोणशीचे विष पाच आणि दहा क्रमांकाची फॅक्टर एकदम जागी करते. शरीरभर बारीक गोठण सुरू होऊन गोठणद्रव्ये संपतात आणि मग रक्त गोठायचेच थांबते. फुरशाच्या दंशातही शेवटी असेच होते. मॅकफार्लेन यांनीच १९३४ मध्ये सौम्य केलेले घोणशीचे विष हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावून रक्त थांबवून दाखवले होते, आणि आजही माणसांच्या प्रयोगशाळांत हे विष एका गोठण-चाचणीत वापरतात.

इथे सर्वांत उपयोगी तपासणीला यंत्र लागत नाही. शिरेतून काढलेले सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घालायचे. नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गुठळी जागेवर राहिली तर रक्त गोठते आहे; रक्त पाण्यासारखे वाहिले तर गोठणद्रव्ये संपली आहेत. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण सुरू होते. प्लास्टिकमध्ये निकाल फसवा येतो. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. पहिल्यांदा रक्त गोठले तरी डॉक्टर ही परीक्षा काही तासांनी पुन्हा करतात, कारण विष हळूहळू भिनते.

रक्त गोठत नसेल तर उपाय एकच: प्रतिसर्पविष. माणसांना देतात तेच कुत्र्यालाही देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते चालते. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या पिंपरीच्या केंद्रात ते घोड्यांच्या मदतीने तयार होते. कुत्रे लहान म्हणून मात्रा कमी, असा हिशेब इथे चालत नाही. सापाने सोडलेले विष कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. तोंड सुजणार असेल तर गळ्यातला पट्टा आधी काढा. जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नका. साप पकडायला जाऊ नका. दंशाची वेळ मात्र लिहून ठेवा.

जन्मजात दोष: शस्त्रक्रियेआधी विचारा

डॉबरमन जातीत व्हॉन विलेब्रँड प्रथिनाची उणीव बरीच आढळते. अशा कुत्र्याच्या प्लेटलेट भरपूर असतात, पीटीही ठीक येते, तरी नसबंदीत किंवा दात काढताना रक्त थांबत नाही. त्यासाठी ओठाची परीक्षा आहे. वरचा ओठ उलटा करून कापडी पट्टीने हलका बांधतात, आतल्या त्वचेवर विशिष्ट उपकरणाने ठरावीक खोलीची बारीक चीर देतात आणि चिरेला न लावता शेजारून टिपकागदाने रक्त टिपत घड्याळ बघतात. कुत्र्यात रक्त साधारण चार मिनिटांच्या आत थांबायला हवे. प्लेटलेट आधीच कमी असतील तर ही परीक्षा करण्यात अर्थ नाही.

जर्मन शेफर्डमध्ये हिमोफिलिया ए आढळतो आणि तो मुख्यतः नरांत दिसतो. दात बदलताना खूप रक्त येणे, लसीच्या जागी मोठी गाठ येणे, अधूनमधून सांधे सुजणे, या खुणा पिल्लूपणीच दिसतात. असे काही झाले असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. बारा क्रमांकाचे फॅक्टर कमी असलेल्या मांजराचा अहवाल घाबरवणारा येतो, पण त्याला रक्तस्राव होत नाही. म्हणजे अहवाल आणि समोरचा प्राणी, दोन्ही जुळवून बघावे लागतात.

मांजरात उलटाही प्रकार घडतो. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या मांजराच्या हृदयात गुठळी बनते आणि ती मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकते. मांजर एकाएकी किंचाळते, मागचे पाय ओढते आणि ते पाय गार पडतात. ही तातडीची वेळ आहे. ‘पाय मुरगळला असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

नमुना चुकला तर अहवालही चुकतो

पीटी आणि तिच्यासारखीच गोठण्याचा वेळ मोजणारी एपीटीटी या तपासण्यांसाठी निळ्या झाकणाची सायट्रेट असलेली नळी लागते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी प्लेटलेट मोजायला ठीक, गोठण तपासायला चालत नाही. निळ्या नळीत नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण खुणेपर्यंत भरल्यावरच साधते. ती अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होते आणि निरोगी कुत्र्याचा अहवालही बिघडलेला येतो. नमुना चार तासांत तपासायला जावा, नाहीतर प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा. रक्तस्रावाची शंका असताना मानेच्या शिरेतून रक्त काढणे टाळतात. पायाची शीर घेऊन नंतर ती जागा पाच मिनिटे दाबून धरतात. हे दाबून धरण्याचे काम तुम्हीही करू शकता.

माणसांच्या प्रयोगशाळेत नमुना दिला तर एक गोष्ट नक्की तपासा. कुत्र्याचे रक्त माणसापेक्षा लवकर गोठते. माणसाची पीटी साधारण ११ ते १४ सेकंद, तर कुत्र्याची बहुतेक पद्धतींत दहा सेकंदांच्या आतच येते. अहवालाच्या कागदावर माणसांचीच मर्यादा छापलेली असेल, तर १३ सेकंदांचा आकडा ‘नॉर्मल’ वाटेल; प्रत्यक्षात त्या कुत्र्याचे रक्त गोठायला उशीर होत असतो. यावर सोपा उपाय म्हणजे त्याच वेळी एका निरोगी कुत्र्याचा नमुना सोबत पाठवणे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघणे.

आजच करून ठेवा

रात्री अकरा वाजता धावपळ करण्यापेक्षा काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. तुमच्या डॉक्टरांना विचारा की काचपट्टी, काचेच्या नळीची परीक्षा आणि पीटी यांपैकी काय त्यांच्याकडे होते आणि काय बाहेर पाठवावे लागते. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळते, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे लिहून ठेवा. पुण्याहून सातारा रस्त्याने गेल्यास शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड केससाठी तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. सोसायटीत उंदीरनाशक टाकणार असतील तर औषधाचे नाव आणि जागा सूचनाफलकावर लावायला सांगा.

रक्त देण्याची वेळ आली तर कुत्र्याचा रक्तगट आणि जुळणी तपासलेली बरी. मांजराला मात्र रक्तगट तपासल्याशिवाय रक्त कधीच देऊ नये, चुकीचा गट जीव घेऊ शकतो. तुमचे कुत्रे २५ किलोच्या वर, निरोगी, लसीकरण झालेले आणि गोचीडतापापासून मुक्त असेल, तर रक्तदाता म्हणून त्याचे नाव डॉक्टरांकडे नोंदवा.

आणि माणसांची वेदनाशामके प्राण्यांना देऊ नका. ॲस्पिरिन प्लेटलेटचे काम बिघडवते, आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, आणि पॅरासिटामॉल मांजरासाठी सरळ विष आहे.

रक्त येताना दिसले की वेळ लिहा, जागा बघा, शक्य तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखान्यात जा. तिथे पहिला प्रश्न ‘कोणते इंजेक्शन देताय?’ असा विचारू नका. ‘रक्त का थांबत नाही आणि ते कोणत्या तपासणीतून कळेल?’ असे विचारा. योग्य औषध त्या उत्तरानंतरच ठरते.